बदलाचे वेळापत्रक : लिनक्सच्या ठरावीक आणि रोलिंग आवृत्त्या

(बिलोली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ला चालत नाहीत. त्यामुळे चालते-बोलते संगणक एका तारखेने जुने ठरले. तालुक्याच्या गावात असेच संगणक जास्त असतात. न्यायालयासमोर अर्ज टाइप करून देणाऱ्याकडे, शाळेच्या संगणक कक्षात, वाचनालयात आणि झेरॉक्सच्या दुकानात वर्षानुवर्षे तेच काम करत आलेले आहेत. ते भंगारात घालायचे नसतील तर लिनक्स हा मार्ग उघडा आहे, आणि तो फुकट आहे. पण त्या वाटेवर पाऊल टाकताच पहिला प्रश्न उभा राहतो : कोणते लिनक्स?

शेकडो नावे समोर येतात. नावे बाजूला ठेवली तर खरा प्रश्न एकच उरतो. हे लिनक्स बदलते कसे? ते ठरलेल्या तारखेला एकदम बदलते, की रोज थोडे थोडे? पहिल्या पद्धतीला ठरावीक आवृत्ती म्हणतात आणि दुसरीला रोलिंग रिलीज. जगभरचे लिनक्सवाले या दोन पद्धतींवरून वर्षानुवर्षे वाद घालत आले आहेत. तो वाद आवडीनिवडीचा वाटतो, पण त्याच्या तळाशी श्रमाच्या वाटणीचा प्रश्न आहे. बदलाचा त्रास कोणी सोसायचा, कधी सोसायचा आणि त्याची तारीख कोणी ठरवायची, हा तो प्रश्न.

आधी यंत्रणा समजून घेऊ. लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये जे लिहायला घेतले ते कर्नल, म्हणजे संगणकाच्या यंत्रभागांशी बोलणारा गाभा. त्याच्याभोवती हजारो कार्यक्रम लागतात : लेखनाचे, हिशोबाचे, इंटरनेट पाहण्याचे, छपाईचे, फॉन्टचे. हे कार्यक्रम जगभरातले वेगवेगळे लोक, आपापल्या गतीने लिहितात. कर्नलचीच नवी आवृत्ती साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी येते. या सगळ्यांची मोट बांधून, एकमेकांशी जुळवून, तपासून लोकांच्या हाती देणारा प्रकल्प म्हणजे डिस्ट्रिब्युशन, बोलीत डिस्ट्रो. डेबियन या डिस्ट्रोची ऑगस्ट २०२५मध्ये आलेली तेरावी आवृत्ती सुमारे ७० हजार पॅकेजांची, म्हणजे बसवायला तयार केलेल्या कार्यक्रमांच्या गठ्ठ्यांची, आहे. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात कुठे ना कुठे रोज काहीतरी बदलत असते.

ठरावीक आवृत्तीवाले काय करतात? एका दिवशी दार बंद करतात. त्याला फ्रीझ म्हणतात. त्यानंतर नवे काही आत घ्यायचे नाही, असलेल्यातल्या चुका तेवढ्या काढायच्या. काही महिन्यांनी आवृत्ती बाहेर पडते आणि पुढे काही वर्षे तिच्यातल्या कार्यक्रमांचे आकडे हलत नाहीत. दरम्यान एखादा सुरक्षा-दोष सापडला तर मूळ लेखक तो आपल्या ताज्या आवृत्तीत दुरुस्त करतात. डिस्ट्रोची माणसे त्यातली नेमकी तेवढी दुरुस्ती उचलतात आणि आपल्या जुन्या आवृत्तीत बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. वापरणाऱ्याला पडद्यावर काहीच वेगळे दिसत नाही, आवृत्तीच्या आकड्यामागे एक छोटी खूण तेवढी वाढते. हे काम कंटाळवाणे आणि जोखमीचे आहे, आणि ते करणारे कोणाला दिसत नाहीत.

रोलिंगवाले दार बंदच करत नाहीत. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की थोड्या तपासणीनंतर ती सगळ्यांकडे जाते. 'यंदाची आवृत्ती' असा प्रकार तिथे नाही. एकदा बसवलेले लिनक्स अपडेट घेत घेत वर्षानुवर्षे चालते. जुन्या आवृत्तीत दुरुस्ती बसवण्याचे काम उरत नाही, कारण जुनी आवृत्तीच शिल्लक राहत नाही. त्या बदल्यात वापरणाऱ्याला जागे राहावे लागते.

या दोन्ही पद्धती एका दिवसात ठरल्या नाहीत. १९९३च्या जुलैत पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी स्लॅकवेअर काढले आणि १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली. तयार झाल्यावरच प्रसिद्ध करायचे, हा डेबियनचा बाणा. तो बाणा महागातही पडला. जुलै २००२मध्ये वूडी ही आवृत्ती आली आणि तिच्यानंतरची सार्ज यायला जून २००५ उजाडले. जवळपास तीन वर्षे लोक जुन्यावर थांबले. तयार झाल्यावर निघणे आणि ठरल्या वेळेला निघणे यातला फरक बिलोलीच्या माणसाला चटकन कळेल. काळी-पिवळी जीप सीट भरल्याशिवाय हलत नाही, तर एसटी आपल्या वेळेला निघते आणि स्टँडवर न पोहोचलेला प्रवासी पुढच्या गाडीने येतो. डेबियन काळी-पिवळीच्या रिवाजाने चालत होते. ऑक्टोबर २००४मध्ये मार्क शटलवर्थ यांनी डेबियनच्याच सामानातून उबुंटू उभे केले आणि दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, गाडी सोडण्याचा नेम धरला. उबुंटूचा आकडाच तारीख सांगतो : ४.१० म्हणजे २००४चा दहावा महिना.

सहा महिन्यांची गाडी कार्यालयांना परवडेना. म्हणून उबुंटूने २००६मध्ये दीर्घकाळ आधाराची, म्हणजे एलटीएस आवृत्ती आणली. ती एप्रिलऐवजी जूनमध्ये आली, म्हणून ६.०६. वेळापत्रकाचा एवढा अभिमान असलेल्या प्रकल्पाने तिच्यासाठी सहा आठवडे उशीर पत्करला, कारण ज्या आवृत्तीवर लोक अनेक वर्षे विसंबणार ती कच्ची निघून चालणार नव्हती. आता दर दोन वर्षांनी एलटीएस येते आणि पाच वर्षे सांभाळली जाते. डेबियननेही पुढे साधारण दोन वर्षांचा पायंडा पाडला : तीन वर्षे मुख्य आधार, नंतरची दोन वर्षे एलटीएस गटाचा.

दुसरीकडे मार्च २००२मध्ये रोलिंग पद्धतीच्या दोन मोठ्या नावांनी आकार घेतला. जड व्हिनेट यांच्या आर्च लिनक्सची पहिली आवृत्ती त्या महिन्यात आली आणि डॅनियल रॉबिन्स यांच्या जेंटूची १.० आवृत्तीही तेव्हाचीच. २०१०मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ओपनसुसे या डिस्ट्रोसाठी टंबलवीड सुरू केले. आज ते रोलिंगमधले सर्वांत शिस्तीचे घर मानले जाते, आणि त्या शिस्तीचे कारण पुढे येईल.

आता आपल्या घरातली गोष्ट पाहू, म्हणजे मराठीची.

न्यायालयाच्या गावात 'ॲड.' ही अक्षरे रोज शेकडो वेळा टाइप होतात. त्यातल्या ॲ या अक्षराला युनिकोड या अक्षर-संकेतांच्या मानकात स्वतंत्र जागा मिळाली ती एप्रिल २००८मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी अ-वर चंद्र देऊन काम भागवावे लागे. आता डेबियनचे वेळापत्रक शेजारी ठेवा. एच ही आवृत्ती एप्रिल २००७मध्ये आली होती आणि तिला सुरक्षा-आधार फेब्रुवारी २०१०पर्यंत होता. तिच्यातल्या फॉन्टना हे अक्षर माहीत असणे शक्यच नव्हते. दुसऱ्याने नव्या पद्धतीने 'ॲड.' लिहून पाठवले की एचच्या फॉन्टपुरते तिथे रिकामी चौकट दिसणार. संगणक सुरक्षित होता, आवृत्ती स्थिर होती, नियमाप्रमाणे कोणाचीच चूक नव्हती. मराठी अक्षर मात्र दाराबाहेर होते.

रुपयाच्या चिन्हाचेही असेच झाले. मुंबईच्या आयआयटीतून पीएचडी केलेल्या डी. उदय कुमार यांचे ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. डेबियनच्या स्क्वीझ आवृत्तीचे दार ६ ऑगस्ट २०१० रोजी बंद झाले, म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांनी. युनिकोडने हे चिन्ह ऑक्टोबर २०१०मध्ये ६.० या आवृत्तीत घेतले. त्याच महिन्यात, १० ऑक्टोबर २०१० रोजी आलेल्या उबुंटू १०.१०च्या स्वतःच्या फॉन्टमध्ये ₹ बसलेले होते. एका हितचिंतकाने ते वेळेत आणून दिले आणि बसवल्याबरोबर रुपयाचे चिन्ह दाखवणारी ती पहिली ऑपरेटिंग सिस्टिम ठरली. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी त्याचे अपडेट मे २०११मध्ये दिले. उबुंटूही ठरावीक आवृत्तीचेच होते. पण गाड्या सहा महिन्यांनी सुटत असल्याने आणि कोणीतरी वेळेत स्टँडवर हजर असल्याने काम झाले.

यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. फ्रीझ चांगल्या गोष्टी गोठवतो, तशा चुकाही गोठवतो. 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'सुऱ्या' या शब्दांतला अर्धा ऱ मराठीची गरज आहे. मराठीतले ल आणि श हिंदीहून वेगळ्या वळणाचे लागतात. हे फॉन्टला आणि अक्षरे जुळवणाऱ्या कार्यक्रमाला, दोघांनाही कळावे लागते. रेड हॅट कंपनीने २००४मध्ये लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले आणि पुण्यातल्या तिच्या अभियंत्यांनी त्यांची पुढे निगा राखली. फॉन्टची दुरुस्ती आधी फेडोरा या डिस्ट्रोत येते, कारण फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी निघते. फेडोरातून ती रेड हॅटच्या दहा वर्षे चालणाऱ्या व्यावसायिक आवृत्तीत जाते. मधला मुहूर्त चुकला तर तीच चूक काही वर्षे कार्यालयांच्या पडद्यावर बसून राहते. मराठीचे सुख त्या मुहूर्ताआधी कोण जागे होते यावर अवलंबून असते.

मग सगळ्यांनी रोलिंगच वापरावे काय? नाही. त्याचे कारण कुंडलवाडी-सगरोळीच्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर रोज येते.

पावसाचा अंदाज पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या महासंगणकांच्या गणितावर उभा असतो. जानेवारी २०१८मध्ये तिथे 'प्रत्युष' सुरू झाला, ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा क्रे कंपनीचा महासंगणक. त्याच वर्षीच्या जूनपासून देशाला १२ किलोमीटरच्या चौकटीत अनेक गणिते एकत्र करून केलेला अंदाज मिळू लागला. सप्टेंबर २०२४मध्ये 'अर्क' हा ११.७७ पेटाफ्लॉपचा महासंगणक आला आणि मे २०२५मध्ये चौकट ६ किलोमीटरवर उतरली. प्रत्युषवर चालणारे लिनक्स क्रे कंपनीचे होते आणि ते सुसे कंपनीच्या व्यावसायिक, ठरावीक आवृत्तीवर बेतलेले होते. नोव्हेंबर २०१७पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक झाडून सगळे लिनक्सवर चालतात.

हवामानाच्या गणिताला रोज बदलणारी पायाभूत सामग्री का चालत नाही, हे एका जुन्या प्रसंगावरून कळते. १९६१मध्ये एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने आधीच केलेले गणित मधूनच पुन्हा सुरू केले. संगणकाच्या स्मृतीत ०.५०६१२७ हा आकडा होता, कागदावर ०.५०६ एवढाच छापला होता आणि लॉरेन्झ यांनी तोच भरला. थोड्याच वेळात नवे हवामान जुन्याशी मेळ खाईना. चौथ्या दशांशातल्या फरकाने पुढचे सगळे चित्र पालटले. आता कल्पना करा की गणिती लायब्ररी किंवा कंपायलर मध्येच बदलला आणि शेवटचा दशांश वेगळा गोल झाला. मागच्या पावसाळ्याच्या गणिताशी यंदाच्याची तुलना करताना फरक ढगांचा की अपडेटचा, हे सांगता येणार नाही. अशा ठिकाणी बदल करायचा तो ठरवून, जुने-नवे शेजारी चालवून, आकडे ताडून. तिथे ठरावीक आवृत्ती ही शास्त्राची अट आहे.

शिक्षणातही हेच. मुंबईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे, साधारण दहा मिनिटांचे पाठ तयार केले. ते मराठीतही आहेत. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूला पाठ लावायचा आणि दुसऱ्या बाजूला तीच कृती स्वतः करत जायची. पाठाच्या सुरुवातीलाच तो कोणत्या लिनक्सवर आणि कार्यक्रमाच्या कोणत्या आवृत्तीवर नोंदवला ते सांगितलेले असते. हा शिरस्ता फार शहाणपणाचा आहे. पाठात निवेदक म्हणतो 'वरच्या पट्टीवरचे बटण दाबा' आणि मुलाच्या पडद्यावर ते बटण कालच्या अपडेटने बाजूला सरकलेले असेल, तर मराठी माध्यमातला, पहिल्यांदाच संगणकाला हात लावणारा मुलगा तिथेच अडतो. शिक्षक एक असतो, मुले चाळीस. प्रत्येकाचे बटण शोधत बसायला तास पुरत नाही.

केरळने हे ओळखले. तिथल्या सरकारी शाळांसाठी काइट ही संस्था स्वतःचे लिनक्स तयार करते, आणि ते उबुंटूच्या एलटीएस आवृत्तीवर बेतलेले असते. दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांचा हा कारभार आहे. पाठ्यपुस्तक आणि पडदा यांची जोडी काही वर्षे मोडत नाही. आपल्याकडे सी-डॅकचे बॉस लिनक्सही डेबियनवर बेतलेले आहे.

रोलिंग लिनक्स शाळेच्या संगणक कक्षात ठेवले तर काय होईल? मराठवाड्यात एप्रिलअखेर कक्षाला कुलूप लागते ते जूनच्या मध्यापर्यंत. रोलिंगमध्ये इतक्या काळात शेकडो पॅकेजे बदललेली असतात. सुट्टीनंतर शिक्षक आर्च लिनक्सचा पहिला संगणक चालू करतो आणि अपडेट मागतो. प्रत्येक पॅकेजवर ते तयार करणाऱ्याची डिजिटल सही असते. दरम्यान सह्या करणाऱ्यांत नवी माणसे आलेली असू शकतात. या संगणकाकडे जुन्याच चाव्या असतात, त्यामुळे तो सही ओळखत नाही आणि अपडेट नाकारतो. उपाय सोपा आहे. आधी चाव्यांचे पॅकेज नवे करायचे, मग बाकीचे. पण तो माहीत असायला हवा. अर्धेच अपडेट करून चालत नाही, कारण आर्चमध्ये अर्धवट अपडेटला आधारच नाही. मग प्रत्येक संगणकासाठी मोठे डाउनलोड, तेही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. ऑगस्ट २०२२मध्ये ग्रब या, संगणक सुरू करणाऱ्या कार्यक्रमाच्या अपडेटनंतर आर्च आणि तिच्यावर बेतलेल्या डिस्ट्रोंचे कित्येक संगणक सुरूच होईनात. ज्यांना माहिती होती त्यांनी पेनड्राइव्ह लावून ते दुरुस्त केले. ज्या गावात तसा माणूस नाही तिथे कक्ष बंद.

म्हणजे रोलिंग वाईट असेही नाही. त्याचा पुरावा २९ मार्च २०२४ या तारखेत आहे.

अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. डेबियनच्या सिड या सतत बदलत्या शाखेवर ते वेगाच्या चाचण्या घेत होते. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटातली नावे असतात आणि त्यातला सिड म्हणजे खेळणी मोडणारा मुलगा. दूरच्या संगणकावर लॉगिन करताना जिथे सुमारे ०.३ सेकंद लागायला हवे होते तिथे ०.८ सेकंद लागत होते. अर्ध्या सेकंदाचा हा फरक फ्रॉइंड यांनी सोडून दिला नाही. माग काढत ते एक्सझेड या, फाइली आवळून लहान करणाऱ्या साध्या कार्यक्रमापाशी पोहोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा लपवलेला होता. 'जिया टॅन' असे नाव लावणाऱ्या कोणीतरी २०२१पासून विश्वास कमावत तो आत आणला होता. हा दरवाजा उघडला असता तर जगभरातले असंख्य सर्व्हर परक्याच्या ताब्यात गेले असते.

त्या दिवशी बाधित पॅकेज कोणाकडे होते? डेबियनच्या सिड आणि टेस्टिंग शाखेत, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्त्यांत, टंबलवीडमध्ये. आर्चमध्येही ते पॅकेज पोहोचले होते, पण चोरदरवाजाची रचना वेगळ्या बांधणीसाठी असल्याने तिथे तो उघडत नव्हता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत, रेड हॅटच्या व्यावसायिक आवृत्तीत तो आलाच नव्हता. उबुंटूने २४.०४ची चाचणी-आवृत्ती आठवडाभर लांबवली आणि बाधित पॅकेज आल्यानंतर बांधलेली सगळी पॅकेजे नव्याने बांधली. ठरावीक आवृत्तीवाल्यांनी त्या दिवशी आपण वाचलो म्हणून निःश्वास टाकला. पण ते कोणामुळे वाचले? सिड वापरणाऱ्या एका जागरूक माणसामुळे. सगळेच जुन्यावर बसले असते तर हे पॅकेज शांतपणे पुढच्या फ्रीझमध्ये शिरले असते आणि मग वर्षानुवर्षे 'स्थिर' राहिले असते. नव्याची झळ आधी सोसणारे आहेत म्हणून बाकीच्यांना स्थैर्य मिळते.

ठरावीक आवृत्तीची स्वतःची जोखीमही आहे. डेबियनमधल्या ओपनएसएसएल या सुरक्षा-लायब्ररीत २००६मध्ये देखभाल करणाऱ्यांनी एक स्थानिक बदल केला. त्यामुळे गुप्त चाव्यांमधला यादृच्छिकपणा जवळजवळ नाहीसा झाला आणि एका प्रकारच्या चावीच्या जेमतेम ३२ हजार शक्यता उरल्या. हा दोष एचच्या स्थिर आवृत्तीत बसला आणि मे २००८पर्यंत कोणाच्या ध्यानात आला नाही. सॉफ्टवेअर जुने आहे आणि हललेले नाही, म्हणून ते आपोआप निर्दोष ठरत नाही. दुरुस्ती करणाऱ्या हातांवरही कोणाची तरी नजर लागते.

आणि वचनाचा भरवसा? २००४पासून सेंटओएस हे रेड हॅटच्या व्यावसायिक आवृत्तीचे फुकट रूप होते. विद्यापीठे, प्रयोगशाळा, छोट्या कंपन्या डोळे मिटून ते वापरत. सेंटओएस ८ला २०२९पर्यंत आधार मिळणार असे सगळे धरून चालले होते. ८ डिसेंबर २०२० रोजी रेड हॅटने जाहीर केले की हा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपेल आणि पुढे सेंटओएस स्ट्रीम ही सतत पुढे सरकणारी शाखा राहील. सात वर्षांहून अधिक मुदत एका झटक्यात कापली गेली. ग्रेगरी कुर्ट्झर यांनी रॉकी लिनक्स सुरू केले, क्लाउडलिनक्सने आल्मालिनक्स काढले आणि वर्षभरात लोकांना पर्याय मिळाले. पण ज्यांनी दहा वर्षांच्या हिशोबाने सर्व्हर लावले होते त्यांना पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले. लांब मुदतीची आवृत्ती निवडताना मुदत जशी पाहायची, तसे वचन देणारा कोण आणि ते मोडायचा अधिकार कोणाकडे, हेही पाहायचे. डेबियनचा कारभार स्वयंसेवकांच्या मतदानावर चालतो. तिथे एका कंपनीच्या बैठकीत मुदत कापली जात नाही.

लिनक्सच्या बाहेरचे एक उदाहरण बिलोलीपासून फार दूर नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीचे एक सदोष अपडेट जगभर एकाच वेळी गेले आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दोष एका फाइलीचा होता. घात झाला तो ती फाइल आधी थोड्यांकडे पाठवून पाहिली नाही म्हणून.

चांगले रोलिंग प्रकल्प हाच धडा पाळतात. टंबलवीडमध्ये रोजचा बदल आधी ओपनक्यूए या स्वयंचलित परीक्षकाकडे जातो. तो आभासी संगणकावर लिनक्स बसवतो, कार्यक्रम उघडतो आणि पडद्याची चित्रे अपेक्षित चित्रांशी ताडून पाहतो. उत्तीर्ण झाले तरच ते बाहेर सोडतात. शिवाय अपडेटच्या आधीची प्रतिमा डिस्कवर राखलेली असते, बिघडले तर मागे जाता येते. डेबियनमध्येही सिडमधले पॅकेज दोन, पाच किंवा दहा दिवस तिथे मुरल्यावर आणि मोठी तक्रार नसल्यावरच टेस्टिंग शाखेत येते. व्हॉल्व्ह कंपनीचे खेळासाठीचे स्टीमओएस पूर्वी डेबियनवर होते, २०२२च्या स्टीम डेकपासून ते आर्चवर आले. पण कंपनी आर्चचा एक क्षण पकडून गोठवते, तपासते आणि सगळी प्रणाली एकत्र पाठवते. म्हणजे ग्राहकाच्या हाती देताना रोलिंगचीही ठरावीक आवृत्ती करावी लागते. उबुंटूनेही २०१३मध्ये मधल्या सहामाही आवृत्त्या बंद करून रोलिंगला जाण्याचा विचार जाहीरपणे केला. अखेर त्यांनी आवृत्त्या ठेवल्या आणि त्यांचा आधार १८ महिन्यांवरून ९ महिन्यांवर आणला.

एवढ्या पुराव्यावरून आपल्या भागापुरता निवाडा देता येतो. जो संगणक अनेकांचा आहे, शाळेचा, वाचनालयाचा, कार्यालयाचा, दुकानाचा, त्यावर दीर्घ आधाराची ठरावीक आवृत्तीच असावी : डेबियन स्थिर किंवा उबुंटू एलटीएस. सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप येऊ द्याव्यात, बाकीचे काही बदलू नये. एखादा कार्यक्रम नवाच हवा असेल तर तेवढाच फ्लॅटपॅक या स्वतंत्र पॅकेज-पद्धतीने बसवावा, पाया हलवू नये. मोठा बदल उन्हाळ्याच्या सुट्टीत करावा, आधी एका संगणकावर करून पाहावा आणि मगच कक्षभर. उबुंटू २४.०४चा नियमित आधार २०२९च्या वसंतात संपतो, डेबियन १३चा एलटीएससह जून २०३०मध्ये. आपल्या आवृत्तीची ही तारीख कक्षाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावी. विंडोज १०च्या वेळी तारीख आधी माहीत नसल्याने नव्हे, लक्षात न ठेवल्याने धावपळ झाली.

ज्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप स्वतःचा आहे आणि ज्याला या विद्येत पुढे जायचे आहे त्याने मात्र रोलिंग जरूर वापरावे. आर्च, टंबलवीड किंवा डेबियनची टेस्टिंग शाखा. त्यात संगणक अधूनमधून बिघडेल आणि तो दुरुस्त करताना जे कळेल ते परीक्षेच्या पुस्तकात नसते. १९९४पासून नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, त्याच्याशी जोडलेली महाविद्यालये तालुक्यातालुक्यांत आहेत. प्रत्येक संगणक विभागात एक जुना संगणक असा ठेवता येईल, ज्यावर येणारी आवृत्ती आधीच बसवलेली असेल आणि जो पूर्ण मराठीत चालेल. मुलांनी त्यावर रोज मराठी लिहावे, छापावे, पीडीएफ करावे, 'ॲड.' आणि 'वाऱ्यावर' नीट उमटते का ते पाहावे, मेनूतली भाषांतरे वाचावीत.

आणि चूक दिसली की कळवावी. डेबियनला दोष कळवायला खाते उघडावे लागत नाही, ठरलेल्या नमुन्यातला एक ईमेल पुरतो. कोणते पॅकेज, कोणती आवृत्ती, काय दिसायला हवे होते, काय दिसले, सोबत पडद्याचे चित्र. साध्या इंग्रजीतल्या पाच ओळी बस होतात. डेबियनची चौदावी आवृत्ती, फोर्की, दोन वर्षांच्या पायंड्याप्रमाणे २०२७मध्ये अपेक्षित आहे आणि तिचे दार त्याच्या काही महिने आधी बंद होईल. त्यानंतर राहिलेली मराठीची चूक पुढची अनेक वर्षे शाळाशाळांतून तशीच दिसेल. म्हणून बिलोली, देगलूर, धर्माबाद, नायगावच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी हे काम याच शैक्षणिक वर्षात हाती घ्यावे, ही विनंती.